कारखान्यातील धोक्यांची पहिली यादी कशी करावी : खानदेशातील नव्या पर्यवेक्षकांसाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील बहुतेक कारखाने लहान किंवा मध्यम आहेत. कापसाचे जिनिंग-प्रेसिंग (म्हणजे कापसातील सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणे), डाळ मिल, तेल मिल, प्लॅस्टिकचे पाइप आणि चटया, स्टार्च, मिरची पूड अशा उद्योगांत पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी क्वचितच असतो, कारण कायद्याने तो मोठ्या कारखान्यांनाच बंधनकारक केला आहे. त्यामुळे हे काम एखाद्या पर्यवेक्षकाकडे, आयटीआय झालेल्या फिटरकडे किंवा हजेरी ठेवणाऱ्या लिपिकाकडे येते, आणि त्याच्या हाती एक जुनी फाइल व भिंतीवरचे चार फलक यांपलीकडे काहीही नसते. मी हे काम जिनिंगमध्ये आणि डाळ मिलमध्ये केले आहे. ज्यांच्याकडे ते पहिल्यांदाच आले आहे, त्यांना सुरुवात कोठून करावी हे कळावे यासाठी हा लेख लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. यंत्र सुरळीत चालू असते तेव्हा माणूस त्यापासून सहसा दूर उभा असतो. माल अडकतो, पट्टा घसरतो, साफसफाई करायची असते किंवा दुरुस्ती निघते, तेव्हा हात यंत्राच्या आत जातो. म्हणून यंत्रांची यादी करून प्रत्येकापुढे ‘धोका : फिरता भाग’ असे लिहिल्याने काहीही साधत नाही. यादी कामांची करावी, आणि त्यातही काम अडल्यावर माणसे प्रत्यक्षात काय करतात, याची करावी. पुढील सर्व पायऱ्या याच एका सूत्रावर उभ्या आहेत.

१. आधी जमवायच्या वस्तू आणि कागदपत्रे

पहिल्या आठवड्यात पुढील गोष्टी एकत्र करा.

- कारखान्याचा नकाशा. मंजूर नकाशा मिळाला नाही तर स्वतः हाताने काढा आणि त्यात यंत्रे, विजेचे पॅनेल, पाण्याच्या टाक्या, मालाच्या गंज्या, बाहेर पडण्याचे मार्ग व कामगारांच्या राहण्याच्या खोल्या दाखवा.
- कारखान्याचा परवाना, अग्निशमनाची कागदपत्रे, तसेच क्रेन, चेन ब्लॉक, लिफ्ट, हवेच्या टाक्या व बॉयलर यांच्या तपासणीचे दाखले.
- कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक. ते पुरवठादाराकडून हक्काने मागावे.
- मागील तीन-चार वर्षांची अपघात नोंदवही आणि कर्मचारी राज्य विमा योजनेकडे पाठविलेले अपघात अहवाल.
- टेस्टर, टॉर्च, मोजपट्टी, पाठपुठ्ठ्याची वही, आणि प्रत्येक दुरुस्ती कामगाराला एक याप्रमाणे कुलपे व नावाच्या पाट्या.

अपघात नोंदवही कोरी निघाली, तर कारखाना सुरक्षित आहे असे समजू नका. प्रथमोपचार पेटीतील कापूस आणि मलमपट्ट्या किती लवकर संपतात हे भांडारात विचारा, म्हणजे खरे चित्र दिसेल.

२. फेरी मारा, पण चुकीच्या वेळी नाही

सकाळी अकरा वाजता मालकाबरोबर मारलेल्या फेरीत सर्व काही ठीक दिसते. खरी फेरी चार वेळांना मारावी : पाळी सुरू होताना, पाळी सुटण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात सफाई चालू असताना, रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास, आणि यंत्र अडल्याची हाक आल्यावर. शेवटची फेरी सर्वांत महत्त्वाची आहे. हाक येताच जा, बाजूला उभे राहा आणि पाहा. कोणी धोक्यात जात असेल तरच मध्ये पडा, एरवी माणसे ते काम कोणत्या क्रमाने करतात हे टिपून घ्या.

कामगाराला ‘येथे काही धोका आहे का?’ असे विचारल्यास उत्तर नेहमी ‘नाही साहेब’ असेच येते. त्याऐवजी ‘हे अडकले की काय करता?’, ‘नव्या पोराला यातले काय सांगता?’ आणि ‘याआधी येथे कोणाला लागले होते?’ असे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाला बहुधा एखाद्या जुन्या जिन फिटरकडून किंवा मुकादमाकडून उत्तर मिळते, आणि त्यात नोंदवहीत नसलेली माहिती असते. उत्तर देणाऱ्यावर त्यामुळे कोणतीही कारवाई होणार नाही, हे मालकाकडून आधीच वदवून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून कोणी बोलणार नाही.

३. कामांची यादी लिहा

वहीत पाच रकाने आखा : काम, ते कोण करतो, काय बिघडू शकते, आज त्यावर काय उपाय आहे, आणि आणखी काय करावयास हवे. ‘काय बिघडू शकते’ या रकान्यात ‘अपघात होऊ शकतो’ असे मोघम लिहू नका. कोणता अवयव, कोणत्या भागात, कशामुळे, असे लिहा.

जिनिंगच्या एका कारखान्यातील काही नोंदी नमुन्यादाखल देतो. सरकी वाहून नेणारा स्क्रू जमिनीतील चरात फिरत असतो आणि त्यावरची झाकणे काढून ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते. सरकी पायाने पुढे सारताना पाय त्यात जातो. डबल रोलर जिनवर रुई गुंडाळली गेली की ती हाताने किंवा सळईने ओढली जाते. जुन्या प्रेसमध्ये रुई दाबण्यासाठी माणूस पेटीत उतरतो. गाठ बांधताना ताणलेली तार तुटून डोळ्याकडे उडते. सुमारे 170 किलोची गाठ थप्पीवरून घसरते. कापसाचा ट्रॅक्टर मागे येत असताना ट्रॉलीमागे हमाल उभे असतात. या सहा नोंदींपैकी पहिल्या तिन्हींत हात, पाय किंवा माणूसच यंत्राच्या आत जातो, हे ध्यानात घ्या.

कंत्राटदाराची माणसे, वाहनचालक, माल घेऊन आलेले शेतकरी आणि कारखान्याच्या आवारात राहणारी कामगारांची कुटुंबे यांनाही यादीत स्थान द्या. ही मंडळी हजेरीपटावर नसतात, म्हणून धोक्यांच्या यादीतूनही सुटतात.

४. क्रम ठरवा

सर्व धोके एकाच वेळी दूर करता येत नाहीत. प्रत्येक नोंदीला दुखापतीच्या तीव्रतेसाठी 1 ते 5 आणि घडण्याच्या शक्यतेसाठी 1 ते 5 असे गुण देऊन त्यांचा गुणाकार करण्याची पद्धत प्रचलित आहे व ती पुरेशी आहे. मात्र तीव्रतेचे गुण 5 असतील, म्हणजे मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व संभवत असेल, तर शक्यता कितीही कमी वाटली तरी ती नोंद वरच्या गटातच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘इतक्या वर्षांत कधी झाले नाही’ या वाक्यामुळे शक्यतेला 1 गुण दिला जातो आणि टाकीत उतरण्यासारखे जीवघेणे काम यादीच्या तळाशी जाते.

उपायांचाही एक क्रम आहे. धोका मुळातच काढून टाकता येईल का, ते आधी पाहा. नसेल तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत, मग आवरण, कठडा किंवा हवा खेचणारा पंखा, त्यानंतर कामाचे लेखी परवाने व प्रशिक्षण, आणि अगदी शेवटी हेल्मेट व हातमोजे. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. हेल्मेट खरेदी करून सुरक्षिततेचे काम संपले असे मानले जाते. शिवाय फिरत्या रोलरजवळ हातमोजा घातल्यास तो आधी पकडला जातो आणि हात त्याच्यामागे ओढला जातो. म्हणून तेथे हातमोजे देणे हाच धोका आहे.

५. कुलूप लावूनच यंत्रात हात घालण्याची शिस्त

तुम्हाला पहिल्या वर्षात एकच गोष्ट करता येणार असेल, तर ही करा. दुरुस्ती, सफाई किंवा अडकलेला माल काढणे यांपैकी कोणतेही काम असो, क्रम पुढीलप्रमाणे असावा.

अ) यंत्र चालविणाऱ्याला आणि आजूबाजूच्यांना सांगावे व यंत्र बंद करावे.
आ) पॅनेलवर जाऊन त्या यंत्राचा मुख्य स्विच बंद करावा. केवळ बटण दाबून यंत्र थांबविणे पुरेसे नाही, कारण बटण कोणीही पुन्हा दाबू शकतो.
इ) जो माणूस आत हात घालणार आहे, त्यानेच स्वतःचे कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. सोबत नाव, काम व वेळ लिहिलेली पाटी अडकवावी.
ई) फिरणारे भाग पूर्ण थांबेपर्यंत थांबावे. जिनचे रोलर व बीटर, पंख्याची पाती आणि जड चाके वीज गेल्यानंतरही फिरत राहतात.
उ) साठलेली शक्ती मोकळी करावी : हायड्रॉलिक प्रेसचा दाब शून्यावर आणावा, वर उचललेला भाग खाली घ्यावा किंवा त्याखाली भक्कम आधार द्यावा, हवेच्या नळीतील दाब सोडावा.
ऊ) चालू करण्याचे बटण एकदा दाबून पाहावे. यंत्र हलले नाही, तरच हात आत घालावा.

काम संपल्यावर हत्यारे मोजावीत, काढलेली आवरणे परत बसवावीत, आत कोणी नाही याची खात्री करावी, आणि ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढावे. तिघे काम करीत असतील तर तीन कुलपे असावीत. अनेक कुलपे एकत्र बसविण्याची लोखंडी कडी बाजारात मिळते. पाळी बदलताना काम अर्धवट राहिले, तर जाणाऱ्याने कुलूप काढण्यापूर्वी येणाऱ्याने आपले लावावे.

येथे तीन चुकीच्या समजुती हमखास भेटतात. पहिली, ‘पॅनेलजवळ माणूस उभा केला आहे’. तो माणूस चहाला जातो, त्याला दुसरे कोणी बोलावते, किंवा आवाजात चुकीचा इशारा ऐकू येतो. दुसरी, ‘लाइट गेलेली आहे, तेवढ्यात साफ करून घेऊ’. भारनियमनाच्या काळापासून ही सवय अंगवळणी पडली आहे, आणि वीज परत येण्याची वेळ कोणाच्याही हातात नसते. तिसरी, ‘दोन मिनिटांचे काम आहे’. कुलूप लावण्यास लागणारा वेळ आणि पॅनेलपर्यंतचे अंतर हे या समजुतीमागचे खरे कारण असते. म्हणून जे यंत्र वारंवार अडते त्याच्या शेजारीच कुलूप लावता येईल असा स्विच बसवून घ्या. पॅनेल जुने असून त्याला कुलपाची सोय नसेल, तर ती होईपर्यंत वायरमनने फ्यूज काढून काम करणाऱ्याच्या हाती द्यावेत.

आणि एखादे यंत्र रोज अडत असेल, तर ते का अडते हे शोधा. ओला कापूस, झिजलेला रोलर, चुकीच्या मापाची चाळणी, क्षमतेपेक्षा जास्त भरणा, अशी कारणे निघतात. अडणे कमी झाले की हात आत जाण्याचे प्रसंगही कमी होतात, आणि उत्पादन वाढत असल्याने मालकही या खर्चाला सहज तयार होतो.

६. आवरणे आणि कपडे

पट्टा, पुली, गिअर, चेन, शाफ्टचे टोक आणि दोन रोलर एकमेकांना भिडतात ती जागा, या प्रत्येक ठिकाणी पक्के आवरण हवे. जाळीचे आवरण असेल, तर तिच्या छिद्रातून बोट फिरत्या भागापर्यंत पोहोचता कामा नये. ग्रीस भरण्यासाठी रोज काढावे लागणारे आवरण काही दिवसांत कोपऱ्यात पडलेले दिसते. यावर उपाय म्हणजे ग्रीसची नळी आवरणाबाहेर काढून घेणे.

गळ्यातील रुमाल, गमछा, साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस, हातातील धागा व कडे हे सर्व फिरत्या शाफ्टजवळ घातक आहे. जिनिंगमध्ये मोठ्या संख्येने स्त्रिया काम करतात. त्यांना साडीवरून घालण्याचा अंगाबरोबर बसणारा कोट आणि केस झाकणारी टोपी द्यावी, आणि ते कपडे बदलण्यासाठी बंद खोलीही द्यावी; खोली नसेल तर कोट वापरला जात नाही. कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 27 ने कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस उकलणारे यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुले यांना काम देण्यास मनाई केली होती, आणि माल घालण्याची बाजू छतापर्यंतच्या भिंतीने वेगळी केली असेल तरच त्या बाजूला काम करण्याची मुभा दिली होती. त्या यंत्राचा धोका किती गंभीर मानला गेला, हे यावरून दिसते. ती भिंत आज सर्वांच्याच संरक्षणासाठी बांधून घ्यावी.

७. आग आणि धूळ

दिवाळीनंतर कापसाची आवक वाढते आणि मोकळ्या आवारात गंज्या उभ्या राहतात. आग लागण्याची कारणे ठरलेली आहेत : कापसात आलेला दगड किंवा लोखंडाचा तुकडा जिनमध्ये घासून उडणारी ठिणगी, तापलेले बेअरिंग, रुईचा थर चढलेले पॅनेल, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधील ठिणगी, बिडी, आणि गंजीवरून गेलेली वीजवाहिनी. यावर करावयाच्या गोष्टीही तितक्याच ठरलेल्या आहेत. कापूस जिनकडे नेणाऱ्या मार्गावर लोहचुंबक व दगड अडविणारा कप्पा असावा आणि तो प्रत्येक पाळीत रिकामा करावा. बेअरिंगवर साचलेली रुई दर पाळीला काढावी. पॅनेल वेगळ्या बंद खोलीत असावे. आवारात येणाऱ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला ठिणगी अडविणारी जाळी असावी. दोन गंज्यांमध्ये अग्निशमन बंब सहज जाईल एवढी जागा मोकळी राहावी. हंगाम जोरात आला की पहिला बळी याच जागेचा जातो.

कापसाची आग वरून विझलेली दिसते, पण आत धुमसत राहते. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा बसतात, परंतु आतील निखारा विझण्यासाठी पाणीच लागते. हवेच्या नळ्यांतून निखारा क्षणात दुसऱ्या टोकाला पोहोचतो, म्हणून आग दिसताच पंखे आधी बंद करावेत. आगीच्या सुमारास बांधलेल्या गाठी गोदामात नेऊ नयेत. त्या उघड्यावर एकमेकींपासून दूर ठेवून काही दिवस लक्ष ठेवावे, कारण गाठीच्या पोटातील ठिणगी बऱ्याच उशिरा पेट घेते. विजेच्या पॅनेलसाठी कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर वेगळे ठेवा आणि तेथे पाणी मारायचे नाही, हे प्रत्येकाला शिकवा.

डाळ मिल, बेसन आणि स्टार्च या उद्योगांत धूळच स्फोटक असते. हवेत दाट पसरलेल्या बारीक धुळीला ठिणगी मिळाली की लहान स्फोट होतो, आणि त्याच्या धक्क्याने तुळयांवर व पत्र्याखाली साचलेली धूळ उडून त्याहून मोठा दुसरा स्फोट होतो. म्हणून डोळ्यांसमोरच्या जमिनीपेक्षा वरच्या तुळया अधिक जपून साफ करा. हवेच्या नळीने धूळ उडवून सफाई करण्याची सवय पूर्ण बंद करावी. झाडू किंवा धूळ खेचणारे यंत्र वापरावे. धान्य वर नेणाऱ्या एलेव्हेटरचा पट्टा एका बाजूला सरकून घासत असेल, तर तो दुरुस्त होईपर्यंत चालवू नये.

रसायनांच्या बाबतीत एवढेच सांगतो की, शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे 31 ऑगस्ट 2019 रोजी रसायन कारखान्यात झालेल्या स्फोटात दहाहून अधिक जणांनी प्राण गमावले. तुमच्या कारखान्यात आणि शेजारच्या कारखान्यात कोणती रसायने किती प्रमाणात साठविली आहेत, याची माहिती नकाशावर असलीच पाहिजे.

८. टाकी, खड्डा, हॉपर आणि विषारी वायू

सांडपाण्याची टाकी, मळीची टाकी, तेलाची टाकी, एलेव्हेटरचा खड्डा, धान्याचा हॉपर (वरून भरून खालून धान्य सोडणारी पेटी) या सर्व बंदिस्त जागा आहेत. येथे एकामागून एक माणसे दगावतात. पहिला आत कोसळतो, त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून तोंडी आदेशावर टाकीत उतरणे पूर्णपणे बंद करा आणि लेखी परवाना सुरू करा. परवान्यात पुढील गोष्टी तपासल्याची सही हवी : आत येणाऱ्या सर्व नळ्या बंद करून कुलूप लावले, पंख्याने ताजी हवा सोडली, वायुमापकाने वरच्या, मधल्या व तळाच्या थरात मोजणी केली आणि प्राणवायू 19.5 टक्क्यांपेक्षा कमी आढळला नाही (साध्या हवेत तो सुमारे 20.9 टक्के असतो); ज्वलनशील व विषारी वायू नाहीत; उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा व दोर आहे; आणि बाहेर एक माणूस सतत हजर आहे, ज्याचे काम दोर ओढणे व मदत बोलावणे एवढेच असून त्याने कोणत्याही परिस्थितीत आत उतरायचे नाही. वायुमापक नसेल तर काम बाहेरच्या प्रशिक्षित पथकाकडून करून घ्यावे. काडी पेटवून हवा तपासण्याची जुनी रीत स्वतःच स्फोटाचे कारण ठरू शकते.

हॉपरमधील धान्य खालून वाहत असताना वर उभा राहिलेला माणूस काही क्षणांत आत ओढला जातो. अडकलेले धान्य बाहेरून लांब काठीने मोकळे करावे.

डाळ मिलच्या गोदामांत किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरल्या जातात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. हे काम अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे, दारावर तारखेसह सूचना लावावी, आणि ठरलेले दिवस संपून वारा खेळवल्याशिवाय कोणालाही आत जाऊ देऊ नये. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असे मानू नये. ज्या गोदामात गोळ्या ठेवल्या आहेत त्याला लागून असलेल्या खोलीत कामगार झोपत नाहीत ना, हे संध्याकाळी स्वतः जाऊन पाहा. हिवाळ्यात दुसरी काळजी घ्यावी लागते. हंगामासाठी आलेली कुटुंबे बंद खोलीत पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) किंवा कोळसा पेटवून झोपतात, आणि कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच मृत्यू ओढवतो. त्यांना पुरेशी पांघरुणे देणे हे सुरक्षिततेचेच काम आहे.

९. मे-जूनमधील पत्रे आणि वीज

पावसाळ्यापूर्वी छतावरचे पत्रे बदलण्याची घाई सुरू होते आणि त्या काळात उंचीवरून पडण्याचे अपघात वाढतात. सिमेंटचे जुने पत्रे माणसाचे वजन पेलत नाहीत. प्रकाशासाठी बसविलेले प्लॅस्टिकचे पत्रे धुळीमुळे ओळखूही येत नाहीत. पत्र्यावर थेट पाय न ठेवता तुळयांवर टेकलेल्या रुंद फळ्यांवरून चालावे, भक्कम दोराला अडकविलेला पूर्ण अंगाचा पट्टा वापरावा, आणि खालचा भाग दोरीने बंद करावा. शिडी भिंतीला टेकवताना उंचीच्या चौथ्या भागाइतके अंतर पायथ्याशी ठेवावे. पट्टा घेताना त्यावर आयएस (भारतीय मानक) 3521, हेल्मेटवर आयएस 2925 आणि बुटांवर आयएस 15298 हे मानक छापलेले आहे का, ते पाहून घ्यावे.

हातात धरून वापरायच्या सर्व विद्युत यंत्रांच्या वाहिनीवर 30 मिलिॲम्पिअरचा गळती रोधक स्विच बसवावा आणि त्यावरील चाचणी बटण दरमहा दाबून पाहावे. अर्थिंगची मोजणी पावसाळ्यात न करता उन्हाळ्यात करावी, कारण माती कोरडी असतानाच अर्थिंगची खरी परीक्षा होते.

१०. ऊन, आवाज आणि श्वास

भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी किंवा ड्रायरजवळ त्याहूनही अधिक तापते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेत नेहमीच्या एकपंचमांशच वेळ काम द्यावे आणि रोज थोडे वाढवीत न्यावे. बोलणे असंबद्ध झाले, चालताना तोल गेला किंवा अंग तापून माणूस गोंधळला, तर तो उष्माघात समजून लगेच सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि 108 ला फोन करावा.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथील आवाज कानांना इजा करणारा आहे असे समजावे. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याला आठवडी सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर ते साधा खोकला म्हणून सोडून न देता छातीच्या डॉक्टरांकडे पाठवावे.

११. नवी माणसे आणि त्यांची भाषा

हंगामात सातपुड्याच्या पायथ्याकडून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून माणसे येतात. कोणी अहिराणी बोलते, कोणी पावरी, कोणी निमाडी किंवा हिंदी. छापील मराठी सूचनापत्रावर त्यांचा अंगठा घेतला म्हणजे प्रशिक्षण झाले, असे होत नाही. त्यांच्यातीलच एखाद्या अनुभवी माणसाला आधी नीट शिकवा आणि त्याच्याकडून यंत्रासमोर उभे राहून त्यांच्या भाषेत सांगून घ्या. मग त्यांच्याकडून तेच करून दाखवून घ्या. पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटे सर्वांना एकत्र करून त्या दिवशीच्या वेगळ्या कामाविषयी बोलावे. रोज तेच घोषवाक्य म्हणण्यात वेळ घालवू नये. पहिल्या महिन्यात नव्या कामगाराच्या टोपीला वेगळा रंग द्यावा, म्हणजे जुने कामगार आपोआप लक्ष ठेवतात. त्याने यंत्र थांबविले म्हणून त्याला कोणीही रागावता कामा नये, आणि ही गोष्ट मुकादमाला स्वतंत्रपणे सांगावी लागते.

१२. थोडक्यात टळलेल्या घटनांची वही

गाठ पडली पण कोणाला लागली नाही, शॉक बसला पण हात सुटला, पट्टा तुटून भिंतीवर आदळला, अशा घटना रोज घडतात आणि चहाबरोबर विसरल्या जातात. त्यांच्यासाठी एक वही प्रवेशद्वाराशी ठेवा. लिहिता न येणाऱ्याचे सांगणे हजेरी लिपिकाने नोंदवावे. नोंद झालेल्या गोष्टींपैकी एक तरी त्याच आठवड्यात दुरुस्त झाली पाहिजे, आणि ती दुरुस्त झाल्याचे सांगणाऱ्याला कळवावे. तसे झाले नाही तर वही कोरी पडू लागते.

१३. अपघात झालाच तर

यंत्र बंद करून कुलूप लावा, जखमीला मदत करा, 108 किंवा 112 ला फोन करा. विजेचा धक्का बसलेल्याला स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा; बोट थेट बर्फात ठेवू नका. जवळच्या कोणत्या रुग्णालयात हाताची शस्त्रक्रिया होते आणि रात्री कोण उपलब्ध असते, याची चौकशी आजच करून फलकावर लिहून ठेवा.

मृत्यू झाल्यास, किंवा कामगार 48 तास वा अधिक काळ कामावर येऊ शकणार नाही अशी दुखापत झाल्यास, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला सूचना देणे बंधनकारक आहे. विमा योजनेत नोंद असलेल्या कामगारासाठी तिकडेही अहवाल द्यावा लागतो. तो उशिरा गेल्यास नुकसान कामगाराच्या कुटुंबाचे होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे, त्यामुळे कोणता नमुना भरावयाचा हे संचालनालयाच्या कार्यालयातून विचारून तो आधीच फाइलमध्ये लावून ठेवावा.

चौकशी करताना जागा धुऊ नका, छायाचित्रे काढा आणि साक्षीदारांशी त्याच दिवशी बोला. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे कारण लिहून अहवाल बंद करू नका. त्याने हात का घातला, यंत्र का अडले होते, आवरण कोठे होते, कुलूप उपलब्ध होते का, त्याला घाई कोणी केली होती, असे विचारीत मागे जा. मिळालेली उत्तरे तिसऱ्या पायरीतील वहीत त्या त्या कामासमोर लिहा, दुरुस्ती कोण व कोणत्या तारखेपर्यंत करणार ते नोंदवा, आणि त्या तारखेला यंत्रासमोर जाऊन दुरुस्ती झाली आहे का ते तपासा. संपूर्ण वही वर्षातून दोनदा पुन्हा वाचावी : एकदा नवरात्राच्या सुमारास, हंगामाची यंत्रे चालू होण्यापूर्वी, आणि एकदा एप्रिलमध्ये, पत्रे व विजेची कामे निघण्यापूर्वी.